विमान सहा हजार फूट ‘कोसळलं’ म्हणजे नक्की काय होतं?

खिडकीची_जागा:
पुढच्या आठवड्यात विमानाने जायचंय आणि आईने घरात धरणं धरलंय. मे २०२४ मधली सिंगापूर एअरलाइन्सची बातमी तिला तोंडपाठ आहे, ‘एअर पॉकेट लागलं आणि विमान सहा हजार फूट कोसळलं.’ पॉकेट म्हणजे पोकळी, पोकळीत हवा नाही, मग पंख काय करणार? मला उत्तर सुचेना. हवेत असे खड्डे खरंच असतात का?

ढगांचा_हिशेब:
बावीस वर्षं पायलटांना उड्डाणाआधी हवामान सांगायचं काम केलं, म्हणून लिहितो. ‘एअर पॉकेट’ आमच्यात कोणी म्हणत नाही. हवा सगळीकडे असतेच, फक्त ती वरखाली धावत असते.

त्या विमानाचे आकडे प्राथमिक तपास अहवालात आहेत. खाली गडगडाटी ढग वाढत असावेत. झटक्यात विमान खाली आलं ते ४.६ सेकंदांत १७८ फूट. बस्स. पण तेवढ्यात वजनाची दिशाच उलटली. पट्टा न बांधलेले छताला आपटले आणि लगेच खाली आदळले. एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. ३७ हजारांवरून ३१ हजार फुटांकडे ते निघालं सुमारे १७ मिनिटांनी, तेही पायलटांनी शिस्तीत उतरवलं म्हणून! आईंच्या बातमीत या दोन गोष्टींची एकच झालीय.

वादळाचं खरं भय मला जमिनीजवळ वाटतं. ढगातून थंड हवेचा लोट खाली येतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा लागतो, वेग वाढल्यासारखा दिसतो. पायलट इंजिनाचा जोर कमी करायला जातो आणि पुढच्याच क्षणी वारा मागून. १९८५ मध्ये अमेरिकेत डॅलसला डेल्टा कंपनीचं १९१ क्रमांकाचं विमान असंच पडलं, १३७ माणसं गेली. ढगातून येणाऱ्या अशा लोटाला ‘मायक्रोबर्स्ट’ म्हणतात. फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने नागासाकीत बॉम्बनंतर मध्यापासून बाहेर आडवी झालेली झाडं पाहिली होती. पुढे अमेरिकेत वादळानंतर तशीच झाडं दिसली, तेव्हा त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. आता विमानात आणि धावपट्टीजवळही याचा इशारा देणारी यंत्रणा असते.

पाय_जमिनीवर:
आकडे ठीक आहेत हो. पण वीज पडून विमानं पडतातच ना? २००९ चं एअर फ्रान्स?

रात्रपाळी_डेस्क:
याचं उत्तर मी देतो, कारण माझंही बोट त्यात बरबटलंय. रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकवर नाहीसं झालं, २२८ माणसं होती. पहिल्या दिवशी ‘विजेचा आघात?’ असा मथळा मीच लावला. प्रश्नचिन्ह टाकलं की आम्हाला वाटतं, सुटलो.

ब्लॅक बॉक्स २०११ मध्ये जवळपास चार किलोमीटर खोल समुद्रातून निघाले. बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या, ऑटोपायलट सुटला आणि गोंधळात विमानाचं नाक वर खेचलं गेलं, पंखांचा आधार सुटला. ढगाने ना पंख मोडला, ना काही जाळलं. २०१२ मध्ये अंतिम अहवाल आला तेव्हा आमच्याकडे आतल्या पानावर दोन कॉलम मिळाले. विजेला मात्र पान एक!

‘कोसळलं’चंही तेच. मूळ बातमीत ‘खाली आलं’ असतं, पण मथळ्यात ते फिकं दिसतं.

ढगांचा_हिशेब:
प्रामाणिकपणाबद्दल दंडवत. भर एवढीच की विमानाच्या रडारला पाण्याचे थेंब छान दिसतात, ढगाच्या माथ्यावरचे कोरडे बर्फकण फारच अंधूक. पडद्यावर हिरवं दिसलं म्हणून रस्ता मोकळा असतोच असं नाही. वीज बहुतेक वेळा विमानाच्या पत्र्यावरून वाहून निघून जाते.

खिडकीची_जागा:
आईला वाचून दाखवलं. १७८ फुटांवर ती गप्प झाली, मग म्हणाली, “म्हणजे पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही?”

ढगांचा_हिशेब:
नाही सोडायचा. आणि कमरेला सैल नको.