नॅट विरुद्ध सेबर: बोयराची लढत टेबलावर आणतोय, विमानांचे आकडे कार्डवर कसे उतरवायचे?

षटकोन_पुणे:
नमस्कार मंडळी. २२ नोव्हेंबर १९७१ ची बोयराची लढत, म्हणजे भारताची नॅट आणि पाकिस्तानची सेबर ही लढाऊ विमानं हवेत भिडली ती, टेबलावरच्या खेळात बसवायला घेतलीये. १/१४४ मापाची चार नॅट आणि तीन सेबर रंगवून तयार आहेत. नॅट एवढंसं आहे की पंखांची रुंदी पावणेपाच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, शेजारी सेबर ठेवलं की बाप-लेक वाटतात. नियम आमचे घरचेच, पटावरचा एक षटकोन म्हणजे २५० मीटर आणि एक टर्न (पाळी) ५ सेकंदांचा.

घोडं अडलंय ते कार्डांवर. आधी टॉप स्पीड, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) भागिले वजन आणि गन किती एवढंच घेऊन गुण काढले, तर वेग दोघांचा जवळपास सारखाच आणि गन दोन विरुद्ध सहा, त्यामुळे नॅट दर वेळी मार खातं. म्हणून नॅटचं वळण एका षटकोनाने लहान केलं, तर आता सेबरवाल्याला काही करताच येत नाही, दुसऱ्या टर्नपासून तो नुसता शेपूट वाचवत फिरतो. तीन रविवार यातच गेले. कुठे चुकतंय?

ढगाआडून:
नॅटचं वजन किती धरलंत? आणि सेबर नेमकं कुठलं?

षटकोन_पुणे:
नॅट ९,०४० पाउंड, थ्रस्ट ४,७०५. सेबर एफ-८६एफ, थ्रस्ट ५,९१०.

ढगाआडून:
मग दोन्हीकडे चुकलंय. ९,०४० हे नॅटचं जास्तीत जास्त टेक-ऑफ वजन, म्हणजे पंखाखाली सगळं लटकवून. मारामारीत कोण ते घेऊन फिरतं? काही न लटकवता ते साधारण ६,६५० भरतं, म्हणजे थ्रस्ट-वजन गुणोत्तर ०.५२ वरून एकदम ०.७ वर जातं. आणि ढाक्याच्या पाकिस्तानी १४ स्क्वाड्रनकडची सेबर कॅनडात बनलेली मार्क ६ होती, त्यात ओरेंडा इंजिन, थ्रस्ट ७,२७५ पाउंड, वजन १४,६०० च्या आसपास. गुणोत्तर ०.५. म्हणजे तुम्ही दोन्ही विमानांवर अन्याय केलाय.

आता खरी मेख वळणात आहे. विंग लोडिंग (पंखाच्या दर चौरस फुटावर किती वजन) काढून बघा, नॅटच्या पंखाचं क्षेत्रफळ १३६.६ चौरस फूट, सेबरचं ३०२, भागाकार केला की दोघांचं ४८-४९ पाउंड प्रति चौरस फूट येतं! म्हणजे एकाच वेगाला दोघं जवळपास सारखंच करकचून वळू शकतात, नॅटला लहान वळण द्यायचं काही कारणच नाही. फरक पडतो तो वळताना वेग किती गळतो त्यात. सेबरने जोरात वळण मारलं की त्याचा वेग भराभर उतरतो, नॅटकडे वजनाच्या मानाने थ्रस्ट जास्त असल्यामुळे ते तग धरतं. तेव्हा वळणाचा तक्ता दोघांना एकच ठेवा आणि वळणाची किंमत वेगळी करा, नॅटचा एक पॉइंट वेग जात असेल तर सेबरचे दोन.

तक्ता कसा काढायचा तेही सांगतो. त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (९.८१ गुणिले जी-वर्ग वजा एकचं वर्गमूळ), जी म्हणजे वळताना वजनाच्या किती पट भार येतो ते. ताशी ७२० किमी म्हणजे सेकंदाला २०० मीटर, ५ जी धरला तर त्रिज्या साधारण ८३० मीटर. षटकोनाची एक बाजू बदलणं म्हणजे ६० अंश, तेवढ्या कमानीची लांबी ८७० मीटर, म्हणजे तुमच्या टेबलावर साडेतीन षटकोन. हेच ताशी ९०० ला केलं तर साडेपाच लागतात. वेग वाढला की वळण किती पसरतं बघा, म्हणूनच टॉप स्पीडवरून गुण काढायचे नाहीत असं मी कळकळीने सांगतो, त्या वेगात कोणी डॉगफाइट करत नाही.

काडतूस_मोजणारा:
वरच्याला +१. गनचं माझ्याकडून घ्या. नुसती संख्या मोजू नका, सेकंदाला किती वजन फेकतात ते मोजा. सेबरच्या सहा .५० इंची ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी मिनिटाला १,२०० गोळ्या, तर एका सेकंदात सगळ्या मिळून १२०, गोळी ४३-४५ ग्रॅमची, म्हणजे पाच किलोच्या वर. नॅटच्या दोन एडन ३० मिमी तोफा त्याच गतीने मारतात पण गोळा २२० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेनऊ किलो, शिवाय आत स्फोटक. दोन गन असून नॅटच भारी!

पण नॅटकडे तोफेमागे ११५ च गोळे. सहा सेकंदसुद्धा बटण दाबून धरता येत नाही. सेबरला गनमागे जवळपास ३०० धरले तर पंधरा सेकंद मिळतात. म्हणून आम्ही एक सेकंदाचा बर्स्ट (सलग मारा) म्हणजे एक खूण असं धरतो, नॅटला ५ खुणा, सेबरला १५. नॅटला लागायचे डाइस कमी, पण लागला की नुकसान दुप्पट. आणि नॅटच्या तोफा अडकायच्या, १९६५ मध्येही हा त्रास होता, तेव्हा दोन डाइसवर २ पडला की एक तोफ बंद. हा नियम काढू नका, नॅटवाल्याच्या पोटात गोळा येतो आणि तो यायलाच हवा.

जुना_वैमानिक_नाही_पण:
सेबरला एक गोष्ट द्या. मार्क ६ च्या पंखांना पुढच्या कडेला स्लॅट (सरकत्या पट्ट्या) होत्या, कमी वेगात त्या बाहेर येतात आणि विमान हातात राहतं. वेगाच्या सगळ्यात खालच्या पट्टीत सेबरला एका षटकोनाची सूट द्या, म्हणजे तुमचा सेबरवाला नुसता शेपूट वाचवत बसणार नाही, नॅटला खाली संथ लढाईत ओढायचा प्रयत्न करेल. नॅटवाल्याने तिकडे न जाता वर चढायचं, चढाईत ते सेबरला कधीच ऐकत नाही.

आणि आकार विसरू नका. समोरून नॅट म्हणजे नुसता ठिपका. नॅट दिसतं का याचा डाइस एकने अवघड करा.

षटकोन_पुणे:
मंडळी, काल रात्री खेळून बघितलं, पहाटे दोन वाजले! वळणाची किंमत वेगळी केल्याने सगळंच बदललं. चौथ्या टर्नला एका नॅटची तोफ अडकली आणि दुसऱ्याचे गोळे संपले, तरी दोन सेबर पडली. एकच शंका, नॅटना सुरुवातीलाच मागे ठेवतोय त्यामुळे सेबरला संधी कमी वाटते.

ढगाआडून:
ते तसंच ठेवा, घडलंच तसं होतं. त्या दिवशी आधी दोनदा नॅट उडूनही सेबर निसटली होती, तिसऱ्यांदा कोलकात्याच्या दमदमवरून तीन मिनिटांत चारही वर गेली आणि रडारवाल्याने त्यांना अचूक आणून सोडलं. सेबर तेव्हा जमिनीवरच्या हल्ल्यात गुंतलेली, जेमतेम दोन हजार फुटांवर. तोल नॅटच्या सुरुवातीच्या जागेत नाही, जिंकण्याच्या अटीत साधा. दोन वैमानिक पॅराशूटने उतरून पकडले गेले, त्यातला एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचा प्रमुख झाला. तिसरं सेबर आपल्या दाव्यात पडलं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मार खाऊन ढाक्याला पोचलं. म्हणून टेबलाची पूर्वेकडची कड ही सेबरची सुटकेची कड करा, एक जरी तिथून बाहेर गेलं तरी सेबरवाल्याला बरोबरी, दोन गेली तर जिंकला.