पहिलाच ई-लिलाव, रेडियल ड्रिलला एच-वन (सगळ्यात वरची बोली) आलोय पण स्टेटस एसटीए, आता पुढं काय?

शिरोली_मशिनशॉप:
नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं शॉप आहे, पंपाच्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. नवा रेडियल (आडव्या आर्मवर हेड सरकणारं मोठं ड्रिलिंग मशिन) परवडत नाही आणि डीलरकडचा वरून रंग मारलेला घ्यायला मन धजत नाही, म्हणून डिजिटल सिग्नेचर काढून एमएसटीसीवर (सरकारी कंपनीचं ई-लिलाव पोर्टल) रजिस्टर झालो आणि एका कारखान्याच्या जुन्या मशिनरीच्या लिलावात उतरलो. एक लेथ आणि एक रेडियल, दोन्हीला ईएमडी (बोलीची अनामत) भरली. लेथला शेवटच्या मिनिटाला कुणीतरी बोली टाकायचं की वेळ परत वाढायचा, असं चालूच राहिलं, शेवटी ठरवलेल्या आकड्यावर मी थांबलो. रेडियलला 1,80,000 वर माझीच बोली वर राहिली पण तिथं एसटीए लिहून आलंय. क्रेन, गाडी आत्ताच ठरवू का? आणि 1,80,000 च्या वर अजून काय काय लागणार?

भोसरी_टूलरूम:
अभिनंदन, पण गाडी आत्ता अजिबात ठरवू नकोस. एसटीए म्हणजे सब्जेक्ट टू अप्रूव्हल. विकणाऱ्याने मनात एक किंमत धरलेली असते, ती आपल्याला दिसत नाही, तुझी बोली तिच्या खाली राहिली की निर्णय त्यांच्या हातात जातो, मंजूर करतील नाहीतर लॉट परत लिलावात काढतील. तोवर तू बांधलेला. मधेच नको म्हणालास तर ईएमडी जप्त होऊ शकते, तेव्हा त्या लिलावाच्या अटींची पीडीएफ काढ आणि मंजुरीची मुदत, पैसे भरायची मुदत, माल उचलायची मुदत हे तिन्ही वाचून ठेव. प्रत्येक लिलावाचं वेगळं असतं.

लेथला थांबलास ते बरोबरच केलंस. भंगारवाला मशिनचा हिशोब वजनावर करतो. समजा मशिन 3 टनांचं आणि बिडाचा भाव किलोला 35, म्हणजे 1,05,000 ला त्याचा लोखंडाचा हिशोब झाला, त्यातून कटिंग, वाहतूक आणि स्वतःचा नफा वजा करून तो बोली लावणार. त्याच्या पुढे जे कुणी चढवत असतं त्याला मशिन चालवायचं असतं किंवा दुरुस्त करून विकायचं असतं. म्हणून आधी वजन काढायचं, मग बेड, स्पिंडल बघून ठरवायचं की त्यावर किती चढवण्यात अर्थ आहे. पण तू इन्स्पेक्शनला गेला होतास ना? ते नसेल तर बाकी सगळा हिशोब वाया.

सातपूर_फॅब्रिकेशन:
खर्चाचं मी सांगतो. बोली बहुतेक वेळा जीएसटी सोडून असते, अटीत बघून घ्या. 18 टक्के धरले तर 32,400, म्हणजे 2,12,400 झाले. तुमचा जीएसटी नंबर असेल तर त्याचं क्रेडिट मिळेल पण पैसे आधी खिशातून जातात. काही लॉटला टीसीएस (विकणारा वरून वसूल करतो तो आयकर) लागतो तो वेगळा. मग हायड्रा (चाकांवरची मोबाईल क्रेन), ट्रेलर, माथाडी, गेटपास, मुदतीत उचललं नाही तर रोजचं ग्राउंड रेंट. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) पण.

आणि हायड्रा आत जातो का हे आधी विचारा!! मशिन शेडच्या आतल्या कोपऱ्यात, वर छताखालची ईओटी क्रेन बंद, दाराची उंची कमी, असं असलं की रोलरवर ढकलत बाहेर आणावं लागतं, त्यात पूर्ण दिवस जातो आणि बऱ्याच कारखान्यांत संध्याकाळी लोडिंग बंद. माणसांना हेल्मेट, सेफ्टी शूज नसतील तर गेटवरूनच परत पाठवतात.

शिरोली_मशिनशॉप:
धन्यवाद दोघांना. इन्स्पेक्शनला गेलो होतो दादा, आर्म वरखाली हाताने फिरवून बघितला, स्पिंडलला डायल गेज लावून प्ले (ढिलेपणा) बघितला, सगळ्या बाजूंनी फोटो काढलेत. इलेक्ट्रिक पॅनेलच्या आत मात्र बघता आलं नाही, कुलूप होतं. मंजुरी येईपर्यंत मोटार किंवा पार्ट गायब झाले तर?

भोसरी_टूलरूम:
फोटो काढलेस ते उत्तम. जसं आहे जिथं आहे या तत्त्वावर विक्री असते, उचलून नेल्यावर काहीच ऐकलं जात नाही. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी हायड्राचा हूक लावायच्या आधी फोटो आणि मशिन शेजारी शेजारी ताडून बघ. मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो आहे का? नसेल तर मोटार बदलली हे सिद्ध कसं करणार. काही कमी दिसलं तर तिथल्या अधिकाऱ्याला लेखी दे आणि पोच घे, ते झाल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नकोस.

सातपूर_फॅब्रिकेशन:
आणि रेडियल आहे म्हणून सांगतो, हलवताना आर्म सगळ्यात खाली घेऊन लॉक करा, हेड कॉलमकडे सरकवा. वरती ठेवून उचललात तर मशिन कलंडतं. लिफ्टिंगचं काम मशिनरी शिफ्टिंगवाल्यालाच द्या, कुठल्याही हायड्रावाल्याला नको.

शिरोली_मशिनशॉप:
नेमप्लेटचा फोटो आहे, नंबर वाचता येतोय. शेडच्या दाराची उंची उद्या फोन करून विचारतो आणि अटींची पीडीएफ आज रात्री वाचतो. मंजूर झालं की इथंच कळवतो.