अन्य भाषांत बोलणे : हे दान प्रत्येक विश्वासणाऱ्याला मिळालेच पाहिजे काय?

जालन्याहून प्रश्न

सर्वांना सलाम.

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलशी आमच्या घराण्याचा जुना संबंध आहे, आणि आजही आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत उपासनेला जातो. आमच्याकडे अन्य भाषांत बोलण्याची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने स्वतःला न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना करण्याची, प्रथा नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जातो, त्यावर उपदेश होतो आणि तो विषय वर्षभरासाठी तेथेच थांबतो.

माझी पुतणी यंदा बारावीला आहे. गेल्या काही महिन्यांपासून ती मैत्रिणीबरोबर एका प्रार्थना सभेला जाऊ लागली आहे. तेथे गायनानंतर पास्टर प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि पुष्कळ जण अन्य भाषांत बोलू लागतात. पुतणीला ते जमले नाही, तेव्हा तिला "हालेलुया" हा शब्द जलद गतीने, जीभ अडखळेपर्यंत म्हणत राहण्यास सांगण्यात आले. तरीही काही झाले नाही, म्हणून एका भगिनीने तिला सर्वांसमोर विचारले की, तुझ्या मनात कोणते पाप दडले आहे? त्या रात्री ती जेवली नाही. "काका, माझ्यात पवित्र आत्मा नाही का?" असे तिने मला विचारले आणि मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. शास्त्रात सांगितलेले हे दान नेमके काय आहे? ते प्रत्येकाला मिळणे आवश्यक आहे काय? आणि आमचे एक शेजारी म्हणतात की, हे आपल्याकडे जत्रेत अंगात येते त्यातलेच आहे. या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

परभणीहून उत्तर

प्रभूची स्तुती असो, भाऊ.

मी आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टल मंडळीची सभासद आहे आणि अन्य भाषांत प्रार्थना करते, त्यामुळे आतली बाजू सांगण्याचा प्रयत्न करते. प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते : आपल्या पुतणीबाबत जे घडले ते चुकीचे होते. एखाद्या मुलीला शब्द घोटायला लावून जे बाहेर पडेल, त्याला आत्म्याचे दान म्हणता येत नाही, आणि ते बाहेर पडले नाही म्हणून तिच्या पापांची चौकशी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

माझ्यासाठी ही मुख्यतः एकांतातली प्रार्थना आहे. पहाटे घरातले कोणी उठण्याआधी मी स्वयंपाकघरात बसते. सुरुवात मराठीतच होते. मुलांची नावे, आजारी माणसांची नावे, घरच्या अडचणी देवापुढे मांडते. मग कधी कधी असे होते की, मनावरचे ओझे उरते आणि शब्द मात्र संपतात. अशा वेळी जिभेवर जे येते त्याचा अर्थ मला कळत नाही, पण मी कोणाशी बोलते आहे हे पूर्णपणे कळत असते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, आपण काय मागावे हे आपल्याला कळत नसताना आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असे प्रेषित पौल लिहितो. त्या वचनाचा मला फार आधार वाटतो.

शेजाऱ्यांच्या शंकेबद्दल सांगायचे तर, अंगात येण्याची खूण अशी मानतात की, त्या वेळी माणूस स्वतःचा राहत नाही आणि देव त्याच्या तोंडून लोकांशी बोलतो. येथे बोलणे माणसाकडून देवाकडे जाते. माझी शुद्ध हरपत नाही. दूध उतू चालले तर मी उठून गॅस बंद करते आणि परत येऊन बसते. पौलानेही संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात असे म्हटले आहे, आणि दुभाषी नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे अशी आज्ञा दिली आहे. ज्याला थांबता येत नाही त्याला अशी आज्ञा देण्यात काय अर्थ? आमच्याकडील काही सभांत आरडाओरडा होतो, माणसे खाली पडतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखे वाटतात, हेही खरे आहे. त्याचा दोष मी पाहणाऱ्याला देणार नाही.

उदगीरहून उत्तर

मी मेथडिस्ट मंडळीत वाढलो आणि अनेक वर्षे शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतले. या विषयावर आपल्याकडे एकतर थट्टा होते किंवा धाक घातला जातो. वचने शांतपणे एकत्र ठेवून वाचण्याचे काम फार थोडे जण करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नव्या करारात या दानाची दोन चित्रे दिसतात आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे बराच गोंधळ होतो. पहिले चित्र यरुशलेमेतील पेन्टेकॉस्टच्या दिवसाचे आहे. पार्थी, मेदी, एलामी, मिसर आणि रोम येथून आलेले लोक, हे गालीली असूनही आपण यांना आपापल्या जन्मभाषेत बोलताना ऐकतो आहोत, असे आश्चर्याने म्हणतात. तेथे दुभाष्याची गरज पडत नाही. दुसरे चित्र करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीचे आहे; तिला पौलाने पत्रे लिहिली. तेथे बोलणारा देवाशी बोलतो, ते कोणालाच समजत नाही, आणि दुसऱ्या कोणीतरी किंवा त्यानेच अर्थ सांगितल्याखेरीज मंडळीला त्याचा लाभ होत नाही. आज आपल्या प्रार्थना सभांत जे ऐकू येते ते बहुतेक वेळा करिंथच्या चित्राशी जुळते; त्यामुळे त्याला नियमही करिंथच्या पत्रातलेच लागू व्हायला हवेत.

ते नियम पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहेत. बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे असावेत, त्यांनी पाळीपाळीने बोलावे, एकाने अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे. पौल स्वतः अन्य भाषांत बोलत असे आणि त्याबद्दल तो देवाचे आभार मानतो; तरीही मंडळीत अशा दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिकवणारे समजण्याजोगे पाच शब्द बोलणे त्याला अधिक पसंत आहे. बाहेरचा माणूस आत आला आणि सगळेच एकदम अन्य भाषांत बोलत असले, तर तो तुम्हांला वेडे म्हणणार नाही काय, असेही तो विचारतो. आपल्या शेजाऱ्यांची शंका त्याने आधीच ओळखली होती, असे म्हणायला हरकत नाही. मात्र त्याच अध्यायाच्या शेवटी तो अन्य भाषांत बोलण्यास मनाई करू नका असेही सांगतो, आणि हे वचन आमच्यासारख्या जुन्या मंडळ्या सोयीस्करपणे विसरतात.

प्रत्येकाला हे दान मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर बाराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. सर्वच प्रेषित आहेत काय, सर्वांनाच रोग बरे करण्याची दाने आहेत काय, सर्वच अन्य भाषा बोलतात काय, असे पौल ओळीने विचारतो, आणि त्याच्या विचारण्याच्या रोखावरून उत्तर नाही असेच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेम, कैसरियातील कर्नेल्याचे घर आणि इफिस अशा तीन ठिकाणी या भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण पेन्टेकॉस्टच्याच दिवशी पेत्राचा उपदेश ऐकून सुमारे 3000 लोकांचा बाप्तिस्मा झाला, ते अन्य भाषांत बोलल्याचा उल्लेख नाही. ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले, एवढेच तेथे लिहिले आहे.

पुढील इतिहासही पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या शतकात बिशप इरेनेयस हे दान आपल्या काळातील बांधवांत असल्याचे सांगतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस क्रिसोस्टम करिंथच्या पत्रावर उपदेश करताना कबूल करतो की, तेव्हा घडणाऱ्या गोष्टी आता घडत नसल्यामुळे हा भाग समजण्यास अवघड झाला आहे. त्याच सुमाराचा बिशप ऑगस्टिन म्हणतो की, आता हात ठेवल्यावर कोणी अन्य भाषांत बोलेल अशी अपेक्षा आपण करत नाही. आपल्याला आत्मा मिळाला आहे की नाही हे जाणून घ्यायचे असेल तर आपल्या अंतःकरणात बंधुप्रीती आहे का ते तपासावे.

अन्य भाषा हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे पवित्र आत्म्याने भरले गेल्याचा, पुरावा होय, ही शिकवण बरीच अलीकडची आहे. अमेरिकेतील टोपेका येथे चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेत 1901 च्या आरंभी ती आकाराला आली आणि 1906 पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर यांच्या सभांतून जगभर गेली. या भाषा खऱ्याखुऱ्या परदेशी भाषा असून मिशनरींना त्या शिकाव्या लागणार नाहीत, असे पारहॅम मानत. त्याच विश्वासाने मिशनरी आल्फ्रेड गार आणि त्यांच्या पत्नी कलकत्त्यास आले. परंतु बंगालीत उपदेश करणे त्यांना साधले नाही. त्यांनी हे दान सोडले नाही, त्याचा उपयोग प्रार्थनेसाठी आहे असे ते मानू लागले.

आता आपल्या महाराष्ट्राबद्दल. 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या मुलींत मोठे आत्मिक जागरण झाले, आणि पुढच्या वर्षाअखेरपर्यंत तेथे अन्य भाषांत प्रार्थनाही ऐकू येऊ लागल्या. अझुसा स्ट्रीटच्या सभा सुरू होण्याआधीच केडगावला जागरण पेटलेले होते, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेले छोटे पुस्तक चिलीतील वालपराइसो येथे एका मेथडिस्ट मिशनरी कुटुंबाकडे पोहोचले आणि तेथील 1909 च्या जागरणाला त्याने चालना दिली. म्हणजे दुष्काळातून वाचवलेल्या मुलींच्या प्रार्थनेची वार्ता समुद्रापार एका देशाची मंडळी हलवून गेली. मला याचा फार अभिमान वाटतो.

आणि रमाबाईंचे मत? या मुलींची थट्टा करणाऱ्यांना त्यांनी ठामपणे उत्तर दिले, पण अन्य भाषा ही सर्वांसाठी आवश्यक खूण आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अत्यावश्यक खूण म्हणजे परिपूर्ण दैवी प्रीती, असे त्यांनी 1907 मध्ये लिहिले. त्याचबरोबर रोग बरे करणे, अन्य भाषा, संदेश ही दाने टाकून देऊ नयेत असेही सांगितले. ऑगस्टिन आणि रमाबाई यांच्यात पंधराशे वर्षांचे अंतर आहे. एकाच्या काळी हे दान दिसत नव्हते आणि दुसरीच्या अंगणात ते रोज ऐकू येत होते, तरी खूण दोघांनी एकच सांगितली. आपल्या पुतणीला मी हेच आधी सांगितले असते.

छत्रपती संभाजीनगरहून उत्तर

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आहे. श्रद्धेच्या बाजूने बोलण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने अनेक देशांतील अशा प्रार्थनांचा अभ्यास करून 1972 मध्ये निष्कर्ष मांडला की, त्यांत भाषेसारखी लय आणि चढउतार असतात, पण ध्वनी बहुधा बोलणाऱ्याला आधीच परिचित असलेल्या भाषांतले असतात आणि शब्द व अर्थ यांची भाषेत असते तशी व्यवस्था त्यांत आढळत नाही. ही वेडाची लक्षणे आहेत, हे मात्र त्याने मान्य केले नाही. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तपासला, तेव्हा गायनाच्या तुलनेत अन्य भाषांत प्रार्थना करताना मेंदूच्या पुढील भागातील क्रिया मंदावलेली दिसली. ते निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पाचच स्त्रियांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तथापि, बोलण्यावर आपण जाणीवपूर्वक ताबा ठेवत नाही असे जे या स्त्रिया सांगत होत्या, त्याच्याशी ते जुळते.

परभणीच्या ताईंनी शुद्ध हरपत नसल्याचे लिहिले आहे. तेही याच्या विरुद्ध नाही. शब्द निवडण्याचे काम सैल सुटणे आणि भान जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जालन्याहून पुन्हा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी काल पुतणीला घेऊन बसलो आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे बारा ते चौदा हे तिन्ही अध्याय आम्ही सलग वाचले. तिची एक शंका उरली. तेथील पास्टर मार्काच्या सोळाव्या अध्यायातील, विश्वास ठेवणारे नव्या भाषा बोलतील, हे वचन दाखवतात. त्याचे काय? आणि तिला तेथे जाऊ द्यावे की नाही? तिला तेथील गायन आणि सोबत्यांचा जिव्हाळा आवडतो, आणि आमच्या मंडळीत तिच्या वयाचे फारसे कोणी उरलेले नाही, हेही मला मान्य करावे लागते.

उदगीरहून

मार्काच्या शुभवर्तमानाचा हा शेवटचा भाग चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत नाही, म्हणून केवळ त्यावर सिद्धांत उभारू नये. ते वचन जसेच्या तसे घेतले, तरी पुढे साप उचलणे आणि विष पिऊनही बाधा न होणे याच खुणांच्या यादीत आहे. त्या दोन खुणा प्रत्येक विश्वासणाऱ्याकडून कोणी मागत नाही; मग एका मुलीकडून तिसरीच का मागावी?

परभणीहून

भाऊ, तिला जाण्यापासून अडवू नका, पण एकदा आपण स्वतः तिच्याबरोबर जा. सभा संपल्यावर पास्टरांना बाजूला घेऊन, राग न करता, चौदाव्या अध्यायातील दोघे किंवा तिघे आणि अर्थ सांगणारा ही आज्ञा येथे कशी पाळली जाते, एवढेच विचारा. त्यांनी उत्तर शोधण्याची तयारी दाखवली तर ती मंडळी सुरक्षित आहे असे समजा. ते चिडले, तर परभणी जालन्याहून फार दूर नाही; तिला सुट्टीत आमच्याकडे पाठवा. आमच्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत निम्म्याहून अधिक बाया मराठीतच प्रार्थना करतात आणि त्यांच्या शेजारी बसायला मला आवडते. तोवर रात्री झोपण्यापूर्वी तिने जे मनात असेल ते मराठीतच देवाला सांगावे, आणि त्या वेळी आपण तिच्याजवळ बसावे.