मदत हवी आहे: २५ हजारांत पहिला छोटा बंदूक-संग्रह (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. घरात एक छोटा, पण कामाचा संग्रह उभा करायचा आहे. बजेट सगळं धरून २५ हजार. परवाना नाही आणि सध्या काढायचाही नाही, म्हणजे एअरगनच. मनात असलेली यादी:

- स्प्रिंगची छऱ्याची रायफल, नवी (दुकानात सांगितलेला भाव ११ हजार)
- एअर पिस्तूल (७ हजार)
- जुनी पीसीपी (टाकीत आधी हवा भरून चालणारी रायफल), हातपंपासकट (३८ हजार म्हणतात, हप्त्याने जमेल का बघतोय)
- गड्ड्याच्या यात्रेत फुग्यांचा स्टॉल लावणाऱ्याकडची जुनी रायफल, ४ हजार
- पणजोबांची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक. काकांच्या वाड्यात माळ्यावर पडून आहे, ती साफ करून दिवाणखान्यात लावायची

५०० छऱ्यांचा साधा डबा ३५० ला आणि मॅचचा (स्पर्धेच्या दर्जाचा) ९०० ला मिळतोय. घराच्या मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत बरोबर ३४ फूट मोकळे मिळतात. यातलं काय घ्यावं, काय सोडावं? एक दुकानदार .२२ ची (मोठ्या छऱ्याची) एअर रायफलही दाखवत होता, "ताकद जास्त" म्हणून.

स्प्रिंगवाला

पीसीपी आत्ताच खोडा. रायफल स्वस्तात मिळाली तरी तिच्यामागे पंप, गेज, ओ-रिंगा असा संसार येतो. २०० बार दाबापर्यंत हाताने हवा भरताना पंपात ओल जाते आणि पावसाळ्यात ती टाकीच्या आत गंज धरते. जुन्या टाकीची दाबचाचणी कधी झाली ते कागदावर दिसत नसेल तर ती वस्तू घरात आणायचीच नाही. हप्ता तर नकोच.

स्टॉलवरची रायफलही सोडा. ती दिवसाला शेकडो वेळा मोडलेली (नळी खाली वाकवून ताणलेली) असते, नळीच्या तोंडाशी आटे (छऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्या) घासून गुळगुळीत झालेले असतात आणि माशी (नेम धरायची पुढची खूण) बहुतेक वेळा वाकडी असते (कधी कधी मुद्दाम. फुगे सगळेच फोडायला लागले तर स्टॉल चालेल कसा बे!). तरी बघायचीच असेल तर हे चार तपास करा:

१. नळी बंद असताना आडवी हलवून बघा. किंचितही खडखड जाणवली तर नळी जिच्यावर मोडते त्या खिळीची झीज आहे, नेम कधीच बसणार नाही.
२. नळी मोडा, पण हात नळीवर घट्ट ठेवा. मोडताना खरखर लागली तर स्प्रिंग वाकलेली किंवा तुटलेली आहे.
३. छरा घालून सुरक्षित पेटीत एक बार मारा. मारताना नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा. पट्टी उडाली तर सांध्याची रिंग गेली. हे दुखणं किरकोळ. जुनी रिंग काढून हायड्रॉलिक सीलच्या दुकानात न्या, व्हर्नियरने मापून जोड देतात.
४. लाकडी दस्त्यावर पुढच्या स्क्रूंच्या भोकांपाशी केसासारखी चीर आहे का पाहा. असली तर भाव निम्मा करा किंवा उठा.

उघड्या नळीवर चाप ओढायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. नळी फटकन वर येते. बोटं सापडली तर मोडतात, नळी वाकते आणि दस्ता चिरतो.

कलम_४५

कायद्याची बाजू मी सांगतो, कारण यादीतल्या दोन वस्तूंवर गडबड होऊ शकते.

.२२ सरळ नाही म्हणा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या एअरगनची नळी .१७७ म्हणजे ४.५ मिमीच्या पुढची आहे, किंवा नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जाते, तिला परवाना लागतो. .२२ म्हणजे ५.५ मिमी, इथेच विषय संपला. दुकानदार "कोणी विचारत नाही" म्हणेल. विचारतील तेव्हा तो तुमच्याबरोबर नसेल.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१००० फूट प्रतिसेकंद" लिहिलेलं असतं, त्यावरून काही ठरत नाही. वेगाबरोबर छऱ्याचं वजनही बघावं लागतं. ०.४५ ग्रॅमचा छरा खरंच १००० फुटांनी, म्हणजे सुमारे ३०५ मीटर वेगाने गेला तर ऊर्जा २०.९ ज्यूल, मर्यादेबाहेर. तोच आकडा ०.३५ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने काढला असेल तर १६ च्या आसपास. ०.५४७ ग्रॅमच्या छऱ्याला साधारण २७० मीटर ही हद्द पडते. म्हणून पक्क्या पावतीवर ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आत असं दोन्ही लिहून घ्या, अनुक्रमांकासकट. पावतीची झेरॉक्स रायफलीच्या पिशवीत कायम.

आता ठासणीची. "जुनी आहे, अँटिक आहे, म्हणजे परवाना नको" हा गैरसमज गावोगाव आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. ठासणीच्या बंदुकीचा घोडा बदलला, निपल (घोड्याखालची टोपी बसवायची नळी) बसवली की ती उडते. म्हणजे भिंतीवर लावली तरी ती बंदूकच. पणजोबांचा किंवा आजोबांचा परवाना होता का, हे काकांना आधी विचारा. परवाना असेल तर वारस म्हणून अर्ज करता येतो. नसेल तर पोलीस ठाण्याला कळवून तिथे जमा करा. वाडा शहर हद्दीत असेल तर परवाना अधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात असेल तर जिल्हाधिकारी. कागद होईपर्यंत ती जुळे सोलापूरला आणू नका. पुढे कधी परवाना काढलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाची बंदूक त्या दोनांतच मोजतात.

स्प्रिंगवाला

ठासणीबद्दल एक जोडतो, हे कागदांच्याही आधीचं. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच टांगून ठेवलेल्या सापडतात, आणि आतली दारू कोरडी असेल तर पन्नास वर्षांनीही पेटते. म्हणून कोणी घोडा ओढून बघू नये. नळीच्या तोंडासमोर न उभं राहता एक सरळ लाकडी काठी हलकेच आत सोडा, टेकली की तोंडाशी खूण करा. काठी काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक टोपीच्या जागेपर्यंत, म्हणजे निपलपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत भरणा आहे. उकरायचं नाही, गरम करायचं नाही, पाणीसुद्धा ओतायचं नाही. जशी आहे तशी ठेवून पोलीस ठाण्याला कळवा.

आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. नळीवर कोरलेल्या खुणा गेल्या की ओळखही गेली, मोलही गेलं.

दहा_मीटर

पैशांचं गणित असं मांडा: रायफल ११, पिस्तूल ७, झाले १८. उरलेल्या ७ मध्ये छरे, पेटी, चष्मे, कुलूप. पण पिस्तूल तीन महिन्यांनी घ्या. दोन्ही एकदम घेतली की छऱ्यांना पैसे उरत नाहीत आणि संग्रह शोकेसमध्ये बसतो.

३४ फूट म्हणजे १० मीटरला एक फूट जास्त, उत्तम. दार आतून कडी लावून. रायफलचं कार्ड ८० मिमी चौरस, काळा गोल ३०.५ मिमी आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी. पिस्तुलाचं कार्ड १७० मिमी, दहाचं वर्तुळ ११.५. केंद्र जमिनीपासून १.४ मीटरवर. कार्डावर एलईडीचा झोत टाका, खोली मागे अंधारी चालते.

छऱ्यांत चपट्या डोक्याचे घ्या, कागदात पंचसारखं भोक पाडतात. टोकदार स्वस्त छरे दहा मीटरला वाया. तीन जातींचे छरे आणून बैठकीवरून प्रत्येकाचे पाच-पाचचे पाच गट मारा. ज्याचा गट सगळ्यांत लहान, तो तुमच्या नळीचा छरा. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला दुसराच लागू शकतो. नव्या रायफलीत पहिले तीनशे छरे गट बघूच नका, स्प्रिंग आणि वॉशर बसायला तेवढे लागतात. मागची घेरदार कडा चेपलेले छरे वेचून फेका, काचेवर लोळवले की वाकडे जातात ते कळतं.

छरे कमी विखुरण्यासाठी पुढचा हात मोकळा. स्प्रिंगची रायफल आधी मागे, मग पुढे असा दोनदा झटका देते. घट्ट आवळली की दर वेळी वेगळी उडते. तळहातावर नुसती टेकवा. स्कोपवर पैसे घालवू नका, या दोनदा झटक्याने साधा स्कोप ढिला होतो. आहे त्या माशीनेच शिका.

पेठेतला

पेटी कशी करायची? पत्र्याची करू का?

दहा_मीटर

नुसता सपाट पत्रा नको, छरा सरळ परत येतो. १८ मिमी प्लायची पेटी, तोंड एक फूट चौरस, खोली आठ इंच. आत कापडाच्या चिंध्या ठासून भरा. सोलापुरात त्या किलोवर मिळतात, टॉवेलच्या कारखान्यांचा कट. मध्ये पोकळी राहिली की छरा चिंध्यांतून आरपार जाऊ शकतो, म्हणून लाकडी ठोकळ्याने कुटून भरा आणि दर पाचशे छऱ्यांनी मधला भाग उपसून पुन्हा भरा. शिशाचा चुरा उडतो, मास्क लावा, नंतर साबणाने हात. पेटीच्या मागे भिंतीवर जुनी सोलापुरी चादर सैल लोंबती सोडा. ती छरा अडवायला नाही, पेटीच्या कडेवर आपटून उडालेला तुकडा झेलायला. जेवढे खोलीत, तेवढ्यांच्या डोळ्यांवर चष्मा.

गच्चीवर मारू नका. हा छरा तीनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो. आणि पारवे, साळुंक्या हे लक्ष्य नाही. पक्ष्यांवर छरा मारणं हा वन्यजीव कायदा १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, हिप्परग्याच्या तलावावर असो नाहीतर आपल्या खिडकीत.

जुळे_सोलापूरकर

धन्यवाद मंडळी. पीसीपी, .२२ आणि स्टॉलवाली रद्द. ठासणीबद्दल काकांना फोन केला, माळ्यावर कोणी चढू नये म्हणून सांगितलं, परवान्याचे जुने कागद शोधतायत. शेवटची शंका: घरी मागाचं तेल आहे, ते रायफलीला चालेल का? आणि ठेवायची कशी?

स्प्रिंगवाला

बाहेरून चालेल. फडक्यावर दोन थेंब, नळी आणि धातूवर पुसायचं, दर वेळी हाताळल्यावर, कारण घामानं बोटांचे ठसे गंजतात. पण छरा घालतो त्या भोकात किंवा हवेच्या छिद्रात एक थेंबही नाही. आत दाबाने हवा तापते, खनिज तेल पेटतं, बार मोठा होतो, धूर येतो आणि वॉशर जळतो, स्प्रिंगही तुटते. दुकानदार "ताकद वाढली" म्हणून हेच दाखवतात.

स्पंजच्या पिशवीत पावसाळाभर ठेवू नका, स्पंज ओल धरतो. कपाटात आडवी, नळीचं तोंड किंचित खाली, म्हणजे तेल आत उतरणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा तव्यावर मंद वाळवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नका. स्प्रिंग ओढून ठेवून झोपायचं नाही, दमते. छरा न घालता चाप ओढायचा नाही, पुढे हवेची गादी नसली की पिस्टन थेट आपटतो. नळीत कधी लोखंडी गोळ्या घालू नका, आटे कापले जातात. आणि दोनशे छऱ्यांनंतर दस्त्याचे स्क्रू एकदा तपासा, ढिले होतातच. नेम अचानक बिघडला की पहिला संशय तिथे, माशीवर नाही.

कलम_४५

कपाटाला कुलूप, छरे वेगळ्या खणात. रस्त्यावरून नेताना पिशवीत बंद, पावतीसकट. निवडणूक किंवा गड्ड्याच्या दिवसांत शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघू शकतात, तेव्हा बाहेर काढूच नका.