बाणेरला छोटं टॅपरूम: १२ टॅप आणि ५२ पदार्थ झेपतील का?

बाणेरकर_७७

मंडळी, बाणेरला ४० जण बसतील एवढं टॅपरूम (नळातून ताजी बिअर देणारी जागा) काढायचं चाललंय. बिअर जागेवर बनवायची नाही, क्राफ्टवाल्यांकडून (छोट्या प्रमाणात बिअर बनवणाऱ्यांकडून) केग, म्हणजे बिअरची पिंपं, घ्यायचे. परवान्याचं वकील बघतोय, ते इथे नको. आर्किटेक्टने १२ टॅपची भिंत काढून दिलीय आणि सल्लागाराने ५२ पदार्थांचं मेन्यूकार्ड. खप आठवड्याला २५० लिटर धरलाय. टॅप किती ठेवू, लाइन (केगपासून टॅपपर्यंतची नळी) किती वेळा नि कशी धुवायची, किचन कसं बसवू? डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवर बिअर बनवून विकणारी) २००९ मध्ये आली तेव्हापासून पुण्यातलं गिऱ्हाईक ताजी बिअर पितंय, त्यामुळे 'चालून जाईल' हे उत्तर नको.

फेस_दोन_बोटं

भिंत खोडा. १२ टॅप फोटोत छान दिसतात, बाकी काही नाही.

हिशोब बघा. २५० पैकी १५० लिटर तरी गव्हाची बिअर आणि लागर हे दोघंच उचलतील. उरलेले १०० लिटर दहा टॅपमध्ये वाटले तर एकेकाच्या वाट्याला आठवड्याला १० लिटर. म्हणजे ३० लिटरचा केग संपायला तीन आठवडे. पाश्चराइझ न केलेली बिअर थंड ठेवली तर भरल्यापासून ४५ ते ६० दिवस बरी राहते हे खरं. पण केग तुमच्या दारात येतो तेव्हाच त्यातले काही दिवस गेलेले असतात, आणि आयपीएच्या (कडवट बिअरच्या) हॉप्सचा, म्हणजे तिला कडूपणा नि वास देणाऱ्या फुलांचा, वास त्याच्या कितीतरी आधी उतरतो. गिऱ्हाइकाला नाव सांगता येत नाही, पण दुसरा ग्लास तो मागवत नाही.

सहा टॅप ठेवा. दोन धावते, चार बदलते. त्या चारांना प्रत्येकी २५ लिटर येतात, केग आठ-नऊ दिवसांत रिकामा. आंबट किंवा ८ टक्क्यांवरची बिअर लावायची असेल तर २० लिटरचाच केग मागवा.

फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे चार गोष्टी लिहा: प्रकार, अल्कोहोल किती टक्के, किती मिलीला किती रुपये, आणि केग कधी लावला. शेवटची तारीख लिहायला बहुतेक जण तयार नसतात. तीच लिहा.

कपलर_काका

आता लाइनचं. सविस्तर लिहितो, कारण टॅपरूम बुडतं ते इथे.

थंडावा: केग आणि नळी दोन्ही ३ अंशांवर हवेत. केग थंड पण टॉवर (टॅप बसवलेला खांब) गरम असेल तर पहिले दोन ग्लास नुसता फेस येतो आणि पोरगा तो मोरीत ओततो. कोल्डरूम टॅपच्या भिंतीमागेच काढा, नळी दीड-दोन मीटरमध्ये संपते आणि लांब नळी थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉलच्या चिलरचा खर्च वाचतो. टेम्पोतून आलेला केग लगेच लावू नका. ७ अंशांवर आलेल्या ५० लिटरच्या केगला ३ वर यायला १८ तास तरी लागतात. गुरुवारी वीज जाणार असेल तर बुधवारी रात्रीच माल आत घ्या आणि दार कमीत कमी उघडा.

दाब, म्हणजे केगमधून बिअर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा: साध्या एल प्रकारच्या बिअरला किंवा लागरला ३ अंशांवर ११ पीएसआय (दाबाचं एकक) लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणून इथे दाबाच्या घड्याळावर १२ धरा. गव्हाच्या बिअरमध्ये वायू जास्त असतो, तिला १६-१७ लागतो. दोघींना एकाच रेग्युलेटरवर (दाब ठरवणाऱ्या यंत्रावर) टांगलं की एक फसफसते नाहीतर दुसरी मरते. वेगळा रेग्युलेटर घ्या. ३/१६ इंची नळी फुटामागे साधारण ३ पीएसआय खाते, त्यावर लांबी ठरवा. बरोबर जुळलं की अर्धा लिटर आठ-नऊ सेकंदांत भरतो. फेस जास्त येतो म्हणून दाब कमी करणं हा नेहमीचा चुकीचा उपाय. दाब उतरला की वायू बिअरमधून सुटून नळीतच बुडबुडे होतात, फेस आणखी वाढतो.

धुणं: दर १४ दिवसांनी, खप असो वा नसो. बिअर-लाइनचं कॉस्टिक (तीव्र अल्कली क्लीनर) २ ते ३ टक्के, कोमट पाण्यात, पंपाने १५ मिनिटं फिरवायचं. पंप नसेल तर भरून २० मिनिटं ठेवायचं. मग साधं पाणी, पीएच पट्टीवर नळाच्या पाण्याइतका रंग येईपर्यंत. त्याच दिवशी टॅप उघडून प्रत्येक भाग ब्रशने घासायचा. तीन महिन्यांतून एकदा आम्लाचं धुणं, कारण बिअरस्टोनचा (नळीत जमणाऱ्या क्षारांचा) थर कॉस्टिकने निघत नाही. हातमोजे, चष्मा सक्तीचे. आणि कॉस्टिक आणि आम्ल कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही.

चव घेऊन दोष ओळखायला पोरांना शिकवा. व्हिनेगरसारखा आंबट वास: बहुतेक तुमची लाइन. ओल्या पुठ्ठ्यासारखी: शिळी, हवा लागलेली. लोण्यासारखी: लाइन स्वच्छ असेल तर बनवणाऱ्याला फोन लावा. गव्हाच्या बिअरमधलं केळं आणि लवंग मात्र दोष नाही, ते यीस्टचं काम.

भाजलेलं_खोबरं

५२ पदार्थ म्हणजे ४० पदार्थ फ्रीजरमधले. चौदा ठेवा, त्यातले सहा असे की ऑर्डर दिल्यापासून दहा मिनिटांत टेबलावर.

फ्रायर दोन घ्या, शाकाहारीचा वेगळा. एकाच तेलात बोंबील आणि कांदाभजी तळली तर पुण्यात दुसऱ्या दिवशी कळतं. ८ लिटरच्या फ्रायरमध्ये एका वेळी पाऊण किलोच्या वर टाकू नका, तेल १८० वरून १५० वर येतं आणि माल तेल पितो. बटाटा दोनदा तळा: आधी १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, पूर्ण गार करून मग १८० वर दोन-तीन. बोंबील वजनाखाली तासभर दाबून पाणी काढल्याशिवाय तळूच नये, नाहीतर रव्याचं कवच सुटतं. तेलातल्या पोलर कंपाउंडची (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २५ टक्के ठेवलीय, मोजायचा मीटर मिळतो, घेऊन ठेवा.

जोड्या लावताना तिखटाचं बघा. कडू आयपीए आणि ठेचा एकत्र आले की तोंडाची आग होते, वायू आणि अल्कोहोल दोन्ही भर घालतात. ठेच्याच्या चिकनशेजारी लागर किंवा माल्टकडे (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोडसर चवीकडे) झुकलेली अंबर, म्हणजे तांबूस बिअर, लिहा. तळलेल्या मासळीला गव्हाची बिअर. आणि काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाबरोबर स्टाउट (काळी बिअर) देऊन बघा. मसाल्यातलं भाजलेलं खोबरं आणि स्टाउटमधलं भाजलेलं माल्ट एकाच घरचे वाटतात.

किचन बारच्या आधी तासभर बंद करू नका. रात्री साडेदहाला फक्त खारे दाणे मिळाले तर लोक बाहेर भुर्जीच्या गाडीवर जातात आणि परत येत नाहीत.

बाणेरकर_७७

आभारी आहे. सहा टॅप पक्के. एक शंका: पार्टनर म्हणतो ग्लास फ्रीजरमध्ये ठेवायचे, गिऱ्हाईक तेच मागतं.

फेस_दोन_बोटं

नको. ग्लासवर बर्फाची साय धरते, बिअर तिच्यावर आपटली की फेस उसळतो, आणि इतक्या थंडीत चवही लागत नाही. टॅपशेजारी थंड पाण्याचा ग्लास-रिन्सर बसवा, तेवढं पुरतं.

ग्लास धुण्याचं सिंक वेगळं, ताटल्यांच्या सिंकात एकही ग्लास जाता कामा नये. फडक्याने पुसायचं नाही, जाळीवर उलटे वाळवायचे. तपासायचं असेल तर ग्लास ओला करून आत मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. भरलेल्या ग्लासच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच.

कपलर_काका

आणि ग्लास ५०० ची रेघ असलेले, काठोकाठ साडेपाचशेच्या पुढचे घ्या. काठोकाठ ५०० च्या ग्लासात दोन बोटं फेस आला की बिअर सव्वाचारशे मिली उरते, मग टेबलावर रोज तेच भांडण. टॅपचं तोंड बिअरमध्ये बुडवून भरणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी थांबवा.