पणजी सुधारली, तिथल्या मळा भागातले आम्ही समाधानी आहोत का?

मळेकर:
२०१६ साली पणजीचं नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, तेव्हा पेपर घेऊन मी शेजाऱ्याकडे धावलो होतो. ३१ मार्च २०२५ ला ती मोहीम संपली. मधल्या काळात चर, खडी आणि धूळ. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच धूळ बघायला शहरात फिरले, यातच काय ते आलं. आमच्या दारातला रस्ता तीनदा फोडला: एकदा मलनिस्सारणाच्या पाइपासाठी, एकदा केबलसाठी, तिसऱ्यांदा बहुतेक विसरलेलं काहीतरी पुरायला. आईने दारातल्या बाल्कांवाच्या बाकावर बसणंच सोडलं.
आता रस्ता गुळगुळीत आहे, नाकारत नाही. पण तो आमच्या उंबऱ्याहून वीतभर वर आलाय. पहिल्याच मोठ्या सरीला पाणी थेट वसरीत.

सांतइनेजची:
तुम्ही दोन वर्षं धूळ खाल्लीत, आम्ही सांतइनेज भागात वर्षानुवर्षं नाल्याचा वास. पाहुणे आले की आधी खिडक्या बंद, मग उदबत्ती. सांडपाणी नाल्यात कोण सोडत होतं? आपणच ना? घराघराला जोडणी हवी तर रस्ता फोडावाच लागणार.

मळेकर:
फोडा की! पण तीनदा कशाला, ताई?

फोंडेकर:
पणजीवाल्यांना कुरकुरायला निमित्तच लागतं. २००४ ला इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला, पणजीच्या कांपाल भागात कामं निघाली, तेव्हाही हीच रड होती. आज तिथेच सकाळी फिरायला जाता. मी रोज फोंड्याहून कदंबा बसने कामाला येतो, मला तरी शहर आधीपेक्षा बरं दिसतं.

जुना भाडेकरू:
फोंडेकर, तुम्ही संध्याकाळी घरी जाता हो. मी फोंतेन्हासात, पणजीच्या जुन्या वस्तीत राहतो. मालकाने घराला झकास पिवळा रंग दिला, वरचा मजला पर्यटकांना दिला. तो खूश. सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला दार उघडलं, तर पायरीवर कुणाची तरी नवरी, समोर छत्री धरलेला फोटोग्राफर. मलाच म्हणतो, "अंकल, जरा बाजूला." गल्ली सुंदर झाली, मान्य. पुढच्या वर्षी मी तिथे असेन का, ते मालकाला विचारा.

सांतइनेजची:
भाड्याचं दुखणं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मळेकर, तुमच्या उंबऱ्याचं ऐकून मात्र चीड आली. जुना थर खरवडून मगच नवा घालायचा, एवढं साधं काम! तरी म्हणेन, गटारं झाली हे बरंच झालं. मळ्यात पूर्वी काय पाणी भरत नव्हतं?

मळेकर:
भरायचं ना. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हमखास. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणून आई आदल्या दिवशीच तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची. परवा पाणी शिरलं तेव्हा तिने भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. अष्टमी होती.