मदत हवी आहे: सही करणाऱ्याचं डिजिटल सर्टिफिकेट संपलंय, करार टिकेल का?

दोन कंपन्यांमधला ५ वर्षांचा सेवा करार, पीडीएफवर दोन्हीकडून डिजिटल सही. स्कॅन करून चिकटवलेलं चित्र नव्हे, टोकन (सहीची गुप्त किल्ली असलेलं यूएसबी उपकरण) लावून केलेली. समोरच्यांचं सर्टिफिकेट (सही कोणाची ते सांगणारा, ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) मध्येच संपलं आणि आता सहीवर हिरव्या टिकेऐवजी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. रूट सर्टिफिकेट (दाखले देणाऱ्या यंत्रणेचं मूळ सर्टिफिकेट) पीडीएफ रीडरच्या विश्वासार्ह यादीत टाकून पाहिलं, फरक नाही. ‘सहीनंतर बदल नाही’ असं रीडरचं सह्यांचं पॅनेल सांगतं, पण टाइमस्टँप (सहीच्या वेळेची त्रयस्थ सर्व्हरकडून मिळणारी नोंद) घेतलेलाच नाही. दिसते ती वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची. खरी गोम तिथेच आहे.

सही करणारे गृहस्थ नोकरी सोडून गेलेत. प्रिंट सुचवू नका, त्यात सर्टिफिकेट येतच नाही. मूळ फाइल आणि ती ज्यातून आली तो सहीच्याच दिवसाचा ईमेल जपून ठेवलाय. उद्या वाद झाला तर सर्टिफिकेट चालू असतानाच सही झाली हे सिद्ध करायला एवढं पुरेल, की आताच दोघांचं नवं पुष्टीपत्र करून घ्यावं?